आठ तालुके, साडेसात झेंडे

कोणी मागितले नव्हते.
बडोद्याच्या कलेक्टर कचेरीत एकतीस वर्षं नकाशे गिरवले,
निवृत्तीला शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
आणि हाताची सवय माझ्यामागून घरी आली,
बिनपगारी.

तेव्हा म्हटलं, तालुक्यांचे झेंडे काढू.
देशाला असतो, शाळेच्या कबड्डी संघाला असतो,
आमच्या दांडियाबाजारातल्या मंडळाचे तर दोन आहेत,
एक भांडणाआधीचा, एक नंतरचा.
मग डभोईनेच काय घोडं मारलंय?

डभोई सोपी निघाली.
काळ्यावर दोन पिवळ्या रेघा, एकमेकींना खेटून,
अडीच फुटी रुळांच्या,
ज्यांवरून ती छोटी गाडी अशी निवांत जायची
की उतरून बोरं वेचावीत आणि पुढच्या डब्यात चढावं.

शिनोरला नर्मदा. निळा पट्टा आधी सरळ आखला.
मग मोजणीचा तो दिवस आठवला :
नदीने दोन सर्व्हे नंबर गिळलेले
आणि वल्लभकाका सातबारा हातात धरून
पाण्याकडे बोट दाखवत होते,
'हे माझं.'
पट्टा वाकडा केला.

करजणला काळी जमीन, फुटलेलं बोंड.
पादऱ्याला वांगं.
कुंदा म्हणाली, वांग्याला सलाम कोण ठोकणार?
म्हटलं, भरलेलं असेल तर तूच.

वाघोडियाच्या नावात आहे तेवढाच वाघ.
म्हणून नुसते पट्टे ठेवले, तिरके, काळे-पिवळे.
लांबून कारखान्याच्या फाटकावरच्या
धोक्याच्या पाटीसारखे दिसतात.
तेही खोटं नाही.

देसर सगळ्यांत धाकटा, माझ्या नातवाच्या वयाचा.
त्याची हद्द मीच शाईने आखली होती,
आणि त्याच वर्षी, त्याच टेबलावर
ब्लेडने कापून काढला पूर्वेकडचा सगळा भाग,
छोटाउदेपूर, संखेडा, ते डोंगर.
त्यांचे झेंडे काढायचा मला आता हक्क नाही.
कागदाच्या उजव्या कडेला आलं की
हात अजून थोडा पुढे जातो.

शहराला सगळे वडाचं झाड देतील.
मी मगर दिली. विश्वामित्रीची.
पुरात सोसायटीच्या फाटकाशी येऊन पडली होती ती,
वॉचमनने तिला रजिस्टरमध्ये लिहिलं होतं,
नाव, वेळ, कोणाकडे.

जसुभाई दरजी चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
'दातांचे वेगळे लागतील, साहेब.
आणि एक बघा, झेंडा दोन्ही अंगांनी दिसतो.
मागून मगर उलटी पोहेल.'
पोहू दे, म्हटलं.
नदीही येतेच की उलटी.

अडलं ते सावलीपाशी.
गुजरातीत ते फक्त गावाचं नाव.
पण आम्ही इथे चौथी पिढी, तरीही
फाइलवर 'सावली' लिहिलं
की मी मनातल्या मनात क्षणभर टेकायचो.
आता तिचा रंग कुठून आणू?
करडं कापड दाखवलं तर जसुभाईंनी तोंड फिरवलं.
महीची कोतरं काढून पाहिली, ती भेगांसारखी आली.
शेवटी पांढरं सुती कापड आणलं,
कडा दुमडून घेतल्या
आणि तसंच ठेवलं. अर्धं.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी
अगाशीत दोरीवर आठही टांगले, चिमटे लावून.
शेजारची झंखना कटलेला पतंग शोधत वर आली.
'कोणत्या देशाचे?'
'इथलेच.'
मगर तिने लगेच ओळखली. वांग्याला हसली.
'अने आ कोरो केम?'

मी उत्तर जुळवत होतो.
ती तोवर त्या पांढऱ्याखाली
मांडी घालून बसलीसुद्धा,
दातांत दोरा धरून, पतंगाला किन्ना बांधत.
दोन बाय तीन फूट जागा होती ती,
मी नजरेनेच मोजली.
ऊन सरकलं
तशी तीही सरकली, वर न बघता.